धनुष्य परत मिळणार नाही

मु. वाघजाई खुर्द, ता. पाटण,
पाडव्यानंतरचा सोमवार, सन १९७८

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या अंबूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे आम्ही देवीच्या कृपेने धडधाकट आहोत, तिकडचीही खुशाली कळवीत जावी. वहिनींचे गुडघे कसे आहेत? (निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला होता. बांधतात, की नुसताच उशाशी ठेवतात?) द्राक्षं उतरली असतील, बेदाणा शेडवर पडला असेल, आणि व्यापारी दारात येऊन तोंड वाकडं करीत बसले असतील. तुमची तब्येत मात्र विचारत नाही. ती ठणठणीत आहे हे तुमच्या पत्रावरूनच कळलं, कारण टाक इतका दाबून लिहिलंय की अक्षरं कागदाच्या मागून हाताला लागतात.

तर पत्र पोचलं. त्यात तुमचा हुकूम असा, की पत्र हाती पडताच धनुष्य गोणपाटात बांधून तासगावच्या गाडीत टाकावं, तुमच्या पाव्हण्यांनी लेखी माफी मागावी आणि मी आपली चूल सांभाळावी. माफीचं यांचं हे बघतील. चूल मी सांभाळतेच आहे, हे पत्रसुद्धा तिच्यापुढं बसूनच लिहितेय (कागदावर पिठाची बोटं दिसली तर रागावू नये). धनुष्य मात्र परत मिळणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा मजकूर तुम्ही शेवटी काय होतंय या काळजीविना वाचाल.

तुमच्या कानावर जे आलंय ते आपल्या चुलत आत्याच्या सुलाबाईकडून आलंय, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. ती इथं बारशाला आली होती. जेवली, गाडीत बसली, आणि तासगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी विजार घालून रानात फिरते, डुकरं मारते आणि गावच्या पुढाऱ्यावर बाण सोडते, इथवर तिची मजल गेली. यातलं डुकराचं तेवढं खरं आहे. विजार मी घातली नाही, घालायची गरजही पडली नाही. आपल्या नऊवारीचा काष्टा मारल्यावर माणूस जेवढं मोकळं उभं राहतं तेवढं त्या अमेरिकेच्या विजारीत राहत नसावं. पुढाऱ्यावर बाण सोडला नाही. (मनात आलं होतं. पण मनात आलेलं सुलाबाईला कसं कळलं?)

आता सुरुवातीपासून सांगते. दिवाळीत तुमचा प्रताप अमेरिकेहून आला, तो वडिलांसाठी म्हणून हे धनुष्य घेऊन आला. तुम्ही पलटणीत सुभेदार, नेमबाजीची ढाल मिळवलेले. पोराला वाटलं, बापाला शर्टापेक्षा हे आवडेल. पोर परत गेलं आणि संक्रांत झाल्यावर ते धनुष्य आमच्याकडं आलं, बरोबर तुमची चिठ्ठी की, यंत्र सदोष वाटते, तुमच्या भागात डुकरांचा उपद्रव आहे, तरी पाव्हण्यांनी तपासून अभिप्राय कळवावा. म्हणजे दादा, अभिप्राय तुम्हीच मागितला होता. आता तो आला तर ऐकून घ्यायला हवा. पाव्हण्यांनी द्यावा असं तुम्ही लिहिलं होतं हे मान्य. पण पाव्हण्यांचा अभिप्राय पहिल्याच दिवशी गव्हाणीत पडला, तो कसा ते पुढं येईलच.

धनुष्य आणलं आमच्या गावच्या अर्जुनानं. तो तुमच्याच बागेत कामाला होता. कराडला गाडी बदलताना कंडक्टरनं गोणपाट सोडायला लावलं. आत बघतो तर वर-खाली चाकं, मध्ये तारा आणि एक मूठ. अर्जुना म्हणाला धनुष्य आहे. कंडक्टर भडकला, म्हणाला, "माझी चेष्टा करतूस व्हय रं? धनुष्य काय म्यां बघितलं न्हाई?" त्याचंही बरोबरच होतं. देवळाच्या भिंतीवर रामाच्या खांद्याला जे असतं त्याच्याशी याचं काही नातं नाही. हे बघितल्यावर आधी विहिरीचा रहाट आठवतो, मग सायकल आठवते. शेवटी मोडकं शिलाई मशीन म्हणून सामानाचं तिकीट फाडलं आणि अमेरिकेचं धनुष्य आमच्या गावात मशीन म्हणून उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी अंगणात तपासणी सुरू केली. हवालदारकीची चामड्याची पेटी कमरेला बांधली (धनुष्याला पेटीचा काय उपयोग, विचारलं नाही), पाय फाकवले, आणि दोरी ओढली. ती हलेना. परत ओढली. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, डोळे म्हशीसारखे झाले, आणि दोरी मध्यापर्यंत आल्यावर अचानक सगळं हलकं झालं. यांचा जोर तसाच चालू होता. त्या जोराबरोबर हे मागं गेले, गव्हाणीच्या काठाला पाय अडला आणि आत बसले. म्हैस बिचारी बाजूला सरकली. कडब्यातूनच यांनी निकाल दिला, "मशीन बिघडल्यालं हाय. मधीच जीव सोडतंय."

दादा, नीट ऐका, कारण तुम्हीसुद्धा सदोष, सदोष म्हणताय ते हेच असणार. ते मध्यावर जीव सोडतं हा त्याचा दोष नाही, तो त्याचा गुण आहे. पहिल्यांदा जोर लावायचा. चाकं एका ठरावीक जागेच्या पलीकडं फिरली की ओझं निम्म्यावर येतं, आणि मग नेम धरून निवांत उभं राहता येतं. त्या चाकांचं काम तेवढंच. पण पुरुषमाणसाला एखादी गोष्ट सोपी झाली की ती मोडली असंच वाटतं, त्याला कोण काय करणार.

यांच्यानंतर धनुष्य पारावर गेलं. तिथं तात्याबा होते. तात्याबा म्हणजे एके काळचे पैलवान, आताचे पुढारी, आणि ठासणीच्या बंदुकीचा परवाना असलेले गावातले एकुलते एक शिकारी. त्यांनी मिशीवर ताव देऊन दोरी ओढली आणि तेही मध्यावर मागं गेले. पाराची कड होती म्हणून थांबले. मग तालमीतली पोरं, मग किराणा दुकानवाले अल्लाबक्षभाई (ते एकटेच तेवढे पडले नाहीत, पण नंतर वजन करताना काटा हातात धरवेना), मग ज्याला त्याला हौस. सीतेच्या स्वयंवरात धनुष्य मोडणाऱ्याला बायको मिळाली हे ठीक, पण इथं सगळे बायका असलेले. त्यांना एवढी हौस कशाची हे आम्ही पाणवठ्यावर बराच वेळ बोलत होतो. संध्याकाळी गावाचा ठराव झाला की अमेरिकेनं आपल्याला फसवलं.

धनुष्याबरोबर एक पुस्तिका होती, इंग्रजी, पण चित्रांची. आणि सहा कडांची एक बारीक वाकडी सळई होती. सळई कशाची हे कुणाला कळेना, म्हणून ती माझ्याकडं आली. (घरात जे कशाचं ते कळत नाही ते माझ्याकडंच येतं.) मी तिनं परकराची नाडी ओवत असे. उत्तम चालते, प्रतापला कळवा. मग एके दुपारी ती पुस्तिका चाळताना एक दुमडलेलं पान लागलं. ते यांनी सभ्यपणानं दुमडून ठेवलं होतं, कारण त्यावर अर्ध्या चड्डीतली एक गोरी बाई होती. (दुमडायच्या आधी किती वेळ बघितलं, तेही विचारलं नाही.) मी तिच्या चड्डीकडं बघितलं नाही, हाताकडं बघितलं. तिच्या हातात माझी नाडीची सळई होती, आणि ती तिनं धनुष्याच्या पात्याच्या, म्हणजे वाकणाऱ्या पट्टीच्या, बुडाशी एका भोकात घातली होती. शेजारी बाणाच्या खुणा काढून दाखवलं होतं की इकडं फिरवलं की घट्ट, तिकडं फिरवलं की सैल. म्हणजे दादा, हे धनुष्य माणसाच्या अंगातल्या जोराप्रमाणं कमीजास्त करता येतं. कितीचं हवं ते आपण ठरवायचं. एवढी साधी गोष्ट, आणि सबंध गाव त्याच्यापुढं उताणं पडलं होतं.

मी आनंदानं यांना सांगायला गेले. म्हटलं, आवं, ह्यो इस्क्रू जरा सैल केला की तुमाला सहज वडंल. झालं! जणू मी यांना फेटा उतरवायला सांगितला. म्हणाले, "कमी करायचं? हवालदारानं? आन् गावात कळलं म्हंजी?" मी तात्याबांच्या बायकोकडून तात्याबांना निरोप दिला. त्यांनी उलट निरोप पाठवला की जमत असेल तर आणखी घट्ट करून द्या. असं करता करता गावातल्या एकाही पुरुषाला ते धनुष्य ओढता येईना आणि एकाही पुरुषाला ते सैल करवेना. ते गोठ्यात खुंटीला लागलं. कोंबड्या त्यावर बसू लागल्या.

मग हे पाटणला बाजाराला गेले तेव्हा मी खुंटीवरून काढलं. वरच्या आणि खालच्या पात्याला सारखे पीळ देत सैल केलं (एकीकडं जास्त एकीकडं कमी झालं तर पाती एकमेकींशी भांडतात, सख्ख्या जावांसारखी), आणि परड्यात पेंढ्याच्या गंजीपुढं उभी राहिले. दोरी ओढली. आधी जड लागली, मग चाकं कुरकुरली, आणि मग अशी अलगद हलकी झाली की मला हसूच आलं. बाण सोडला तो गंजीच्या वरून शेवग्यावर गेला. दुसरा गंजीत गेला आणि दिसेनासा झाला. माझ्या थोरल्या जाऊबाई मनुबाई हे सगळं दारातून बघत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पदर खोचला आणि गंजीत हात घालून बाण शोधायला लागल्या. शोधून दिल्यावर म्हणाल्या, "आता जरा खाली धर." तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघी परड्यात. दार आतून लावून.

एक अडचण आली. दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या अंगाला सपकन लागते, आणि माझ्या हातात हिरवा चुडा. पहिल्याच आठवड्यात बांगडी वाढवली. घरात हाहाकार. यांना साधी शिंक आली तरी सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. चुडा उतरवणं शक्य नाही, धनुष्य सोडणं मला मान्य नाही. शेवटी ट्रंकेतून यांची पलटणीतली लोकरीची पायपट्टी काढली आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवरून गुंडाळली. सौभाग्यही राहिलं आणि कातडीही राहिली. सरकारनं ती पट्टी लढाईसाठी दिली होती, ती आता कुठं खऱ्या कामाला लागली असं मी यांना म्हटलं नाही. तुम्हांला म्हणते.

मतदानाच्या आधी परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. हे डुकरांना कोण कळवतं कुणास ठाऊक, पण कळलं. ओढ्याकाठची आमची रताळी अशी उकरली की नांगर परवडला. मनुबाईंच्या वाट्याचा शाळू आडवा झाला. अर्जुनाच्या म्हातारीला तर भल्या पहाटे एका डुकरानं धडक देऊन बांधावरून खाली घातलं, तिचा हात अजून फळीत बांधलेला आहे. तेव्हा ढोल-डबे बडवून डुकरं उठवायची, हाका घालायचा, असं पारावर ठरलं. बंदूक नाही, मग आणा ते धनुष्य. ओढणार तात्याबा. आमच्या घरी येऊन त्यांनी माझ्यासमोर ती सळई मागून घेतली, दोन्ही पाती शेवटापर्यंत आवळली, आणि सळई मला परत दिली. "ठिवा, नाड्या घाला," म्हणाले. मी कनवटीला लावली. पण दादा, लहानपणी तुम्ही माझा भोवरा काढून घेतलात तेव्हा मी जसं बघितलं होतं तसं त्यांच्याकडं बघितलं असणार, कारण ते उंबऱ्याला अडखळले.

सकाळी उन्हं वर आली आणि डबे, ढोल वाजवीत सगळा पुरुषवर्ग ओढ्याला गेला. हेही गेले, तज्ज्ञ म्हणून. आम्ही बायका बांधाच्या अलीकडं, मोडलेला शाळू गोळा करीत. थोड्या वेळानं ढोल जवळ आला, मग अचानक थांबला, मग तात्याबांची आरोळी आली, "मोडलं! मोडलं रं!" आणि बांधावरून काहीतरी उडत आलं ते माझ्यापुढं पडलं. धनुष्य. पाठोपाठ बाणांचा भाता. झालं होतं असं की डुक्कर समोर आलं, तात्याबांनी जिवाच्या आकांतानं दोरी ओढली, ती मध्यावर हलकी झाली, आणि त्यांना वाटलं, गेलं. त्यांनी ते भिरकावलं आणि उंबरावर चढले.

मी बांधावरून डोकं वर काढलं. आमच्या गावात इतके पुरुष झाडावर चढू शकतात हे मला माहीत नव्हतं. उंबर भरला होता, आंबा भरला होता. आणि हे, यांना मेल्यांनी जागा दिली नाही म्हणून, एका शेवग्यावर. शेवग्यावर, दादा! शेवग्याची फांदी शेंगांचा भार सोसत नाही, तिच्यावर आमचे हवालदार. खाली डुक्कर. केवढं म्हणून सांगू, खांद्यापाशी म्हशीच्या पारड्याएवढं असेल. यांचं घोंगडं खाली पडलं होतं, ते सुळ्यांनी टराटरा फाडीत होतं, आणि मधूनच बुंध्याला धडक देत होतं. प्रत्येक धडकेला फांदी कुरकुर करी आणि हे देवाचं नाव घेत. मला बघितल्यावर देव सोडून मला ओरडले, "आगं पळ! घरला जा!"

मी धनुष्य उचललं आणि ओढून बघितलं. हलेना. तात्याबांनी आवळलं होतं ना. मग मी बांधाआड खाली बसले, कनवटीची सळई काढली आणि सैल करायला लागले. वर एक पीळ, खाली एक पीळ. वरून सल्ले सुरू झाले. कुणी म्हणतं दगड मार, कुणी म्हणतं नुसतं हाड कर. तात्याबा म्हणतात, "बाई, ते मोडलंय, ऱ्हाऊ द्या!" खोटं सांगत नाही, माझे हात इतके कापत होते की सळई भोकात जाईना. मनुबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, आणि मग सळई भोकात गेली. पायपट्टी नव्हती, म्हणून त्यांनी आपला पदर फाडून माझ्या हाताला गुंडाळला. (नवं लुगडं होतं. अजून त्याबद्दल एक शब्द काढला नाही त्यांनी.)

उभी राहिले. ओढली. जड, मग कुरकुर, मग हलकी. आणि दादा, त्या हलकेपणात माझं कापणं थांबलं. तुम्ही ढाल जिंकलीत तेव्हा असंच झालं होतं का, हे एकदा विचारायचं आहे. डुक्कर वळलं, त्यानं मला बघितलं, आणि मी सोडला. खांद्याच्या मागं बसला. ते माझ्याकडं आलंच नाही. ओढ्याकडं धावलं, आणि काठाच्या चिखलात जाऊन आडवं झालं. त्याच क्षणी शेवग्याची फांदी मोडली आणि हे खाली आले, घोंगड्याच्या चिंध्यांवर. कंबर मुरगळली आहे, बाकी ठीक.

खरी मौज पुढंच आहे. डुक्कर काठीला बांधून ढोल वाजवीत गावात नेलं. आम्ही बायका मागून. ओढ्यापाशी सगळ्यांना ठाऊक होतं मारलं कुणी. चिंचेपाशी येईपर्यंत ते 'सगळ्यांनी मिळून' मारलं होतं. देवळापाशी पोचलो तर हार तात्याबांच्या गळ्यात, आणि मारणाऱ्याचा वाटा म्हणून मुंडकं नि पुढचा पाय त्यांच्या नावानं बाजूला काढलेला. हे काठी टेकत माझ्याकडं बघत होते, पण तोंड उघडत नव्हते. बोलायचं तर शेवग्यावर होतो हेही बोलावं लागलं असतं.

इतक्यात वनखात्याचा गार्ड सायकलवरून आला. कुणीतरी वर्दी दिली होती. उतरला आणि विचारलं, रानडुक्कर कुणी मारलं? परवानगी कुणाची? तात्याबांचा हार गळ्यातून केव्हा निघाला आणि ढोलावर केव्हा ठेवला गेला हे कुणीच बघितलं नाही, एवढी हातचलाखी. आणि मग सगळ्या गावाला एकदम आठवलं. सगळी बोटं माझ्याकडं. "ह्या अंबूबाईंनी," तात्याबा म्हणाले, "आमी तर झाडावर हुतो." बघा! कबूल केलं!

गार्ड मला म्हणाला, "बाई, कुणाला वाचवायला खोटं बोलू नगा." मी म्हटलं, "कुणाला वाचवत न्हाई. म्हंजी मगा वाचीवलं, आता न्हाई. म्यां मारलं. रताळी माजी, मालक माजा, बाण माजा. काय लिवायचं ते लिवा." त्याला पटेना. म्हणाला, मारून दाखवा. देवळाच्या गडग्यावर कुणाचा तरी भोपळा ठेवला. सगळा गाव बघत होता, सुलाबाईसुद्धा (बारसं त्याच दिवशी होतं). भोपळ्याचे दोन तुकडे झाले. गार्डानं ते तुकडे जोडून बघितले. मग त्यानं आमची रताळी बघितली, मोडलेला शाळू बघितला, अर्जुनाच्या म्हातारीचा फळीतला हात बघितला, आणि पीक नि माणूस दोन्हींचा धोका होता असा पंचनामा केला. पुढं साहेब काय म्हणतील ते म्हणतील, तोवर माझी सही खाली आहे, पूर्ण नावानिशी. सही झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "जरा मी वडून बघू का?" मी म्हटलं, सैल करून देऊ? तो म्हणाला, द्या की. दादा, सबंध तालुक्यात तो एक शहाणा पुरुष मला भेटला.

तो गेल्यावर मी पुढं झाले. म्हटलं, सरकारी कागदावर मारणारी मी, तर मारणाऱ्याचा वाटाही माझा. मुंडकं अर्जुनाच्या म्हातारीकडं पाठवलं, पाय मनुबाईंना दिला, आणि ढोलावरचा हार उचलून आपल्या हातानं आपल्या गळ्यात घातला. सुलाबाईनं तोंडावर पदर घेतला तो इथं.

आता तुमचे आक्षेप. लोक काय म्हणतील, असं तुम्ही लिहिता. लोक झाडावर होते. आपल्या घराण्याची अब्रू, असं लिहिता. आपल्या घराण्यात हत्यार धरणं ही अब्रूच आहे, हे तुम्हीच सांगत आलात. कुणाच्या हातात, ते मध्ये कधी सांगितलं नाही, आता सांगू नका. माझं वय झालं असं लिहिता. वय झालेल्यांसाठीच ते सैल होतं.

आणि मागितलेला अभिप्राय असा. धनुष्य सदोष नाही. जोराप्रमाणं कमीजास्त होतं, नेम धरून थांबता येतं, हातात जड आहे पण मुसळापेक्षा नाही. चाकांना खोबरेल लागतं. ओलीत ठेवू नये. बाण दगडावर गेला की वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही. चुडा असेल तर पट्टी हवी, हे पुस्तिकेत छापायचं राहून गेलंय, प्रतापनं कंपनीला लिहावं. एकंदरीत वस्तू उत्तम आहे आणि ती जिथं आहे तिथंच राहील.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. रागावला असाल तर खुशाल रागवा, नातं काही एस.टी.त टाकून परत पाठवता येत नाही.

तुमची हट्टी धाकटी,
अंबू

ता. क. यांनी माफी लिहिलेली नाही. कंबर बरी झाल्यापासून हेसुद्धा दुपारी परड्यात येतात, दार लावून. कुठल्या पिळावर ओढतात ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तुम्हीही पत्रात विचारू नका, पत्र तेच आधी फोडतात.

ता. क. दुसरा. धनुष्य परत मिळणार नाही असं वर लिहिलंय ते कायम आहे. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या मंगळवारी त्याची दोरी तुटली. तारा ठीक आहेत, मधली दोरी. गावात सुतळीपासून म्हशीच्या दाव्यापर्यंत सगळं लावून बघितलं, काही चालत नाही. प्रतापनं मागच्या पत्रात लिहिलं होतं, त्यानं जादाची दोरी आणली होती, ती तुमच्या कपाटात वरच्या खणात आहे. तेवढी पाठवावी. लवकर. डुकरांना अजून कळलेलं नाही.

ता. क. तिसरा. पोस्टानं नको, तुम्ही स्वतःच घेऊन या. पाटणला शेतकी मेळावा आहे, गार्डानं माझं नाव दिलंय, मोठ्या साहेबांसमोर बाण मारायचा आहे. इथं सगळ्यांना सांगितलंय की मला त्याचं काही वाटत नाही. दादा, मला झोप लागत नाही. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, बोलू नका काही. आणि कराडच्या लग्नात वहिनी भेटल्या होत्या. दिवाळीत धनुष्य आलं तेव्हापासून तुमचा उजवा खांदा कशानं दुखतोय ते त्यांनी सांगितलं. निर्गुडी खांद्यालाही चालते. बाकी कुणाला मी बोललेली नाही.